जळगावात न्यूड रंगवलं तर ती बाई 'आपली' कधी वाटते?

तापीकाठ
माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. यावल तालुक्यातली, घरी केळीची शेती. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला माझ्याकडे होती, पुढे मुंबईला पेंटिंग शिकली आणि चक्क गावी परत आली. मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात बायका रंगवते. त्यातल्या तीन चित्रांतल्या बायका विवस्त्र आहेत. मध्यंतरी जळगावच्या एका हॉलमध्ये तिचं प्रदर्शन लागलं. उद्घाटनाच्या आदल्या रात्री हॉलवाल्यांनी ती तीन चित्रं उतरवून मागच्या खोलीत ठेवायला लावली. बाकीची राहिली. दीपप्रज्वलन झालं, चहा-बिस्किटं झाली, पेपरात फोटो आला.

अश्लील की कला, यावर इथे या संस्थळावर बरेच धागे (चर्चा) येऊन गेलेत. तो विषय नको. मला टोचलं ते वेगळंच. हॉलच्या एका गृहस्थांनी तिला समजावलं, "बेटा, चित्रं चांगली आहेत, पण हे आपलं नाही. हे तिकडचं."

आता यातलं एक चित्र कसं आहे ते सांगतो. पन्नाशीची बाई पाटावर बसून ओले केस पंचाने झटकतेय. दंडावर ब्लाउजच्या बाहीची रेघ आहे, तिच्या खालचा हात रापलेला आणि वरचा गव्हाळ. मानेच्या मागेही तशीच रेघ. कमरेला परकराच्या नाडीचा काळा वळ. बेंबीखाली ऑपरेशनच्या टाक्याची खूण. हनुवटीवर गोंदण. टाचा भेगाळलेल्या. मागे काहीही नाही, नुसती मातकट भिंत.

यातलं 'तिकडचं' काय आहे? आणि 'आपलं' न्यूड असं काही असतं का? असलं तर ते कशावरून ओळखायचं? चित्रकार, बिगरचित्रकार सगळ्यांनी लिहा.

भरीतभाकरी
पहिला! चहा ठेवून येतो, मग वाचतो.

कॅडमियम_रेड
सर, तुम्ही वर्णन केलेलं चित्र 'आपलं' आहे, कारण तुमच्या विद्यार्थिनीसमोर खरोखरची बाई बसलेली असणार. नाडीचा वळ कल्पनेतून सुचत नाही.

मी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलो. तिथे १९१९ नंतर, तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, जिवंत मॉडेलवरून न्यूड अभ्यास रुजला. त्याआधी मुलं ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून अंगप्रत्यंगं शिकत. म्हणजे दादरची नाहीतर गिरगावची मुलं व्हीनसच्या कमरेवरून बाईची कंबर शिकली. आमच्या वेळी मॉडेल म्हणून येणाऱ्या मावश्या होत्या. त्यांची पाठ, त्यांची थकलेली बसण्याची ढब, दोन तासांनी पायाला येणाऱ्या मुंग्या, हे सगळं आमच्या चित्रांत आलं. आवडो न आवडो, आलंच.

जिल्ह्याच्या ठिकाणी काय होतं? न्यूड सोडाच, हेड स्टडीला (नुसता चेहरा रंगवायला) मॉडेल म्हणूनही वॉचमन काकाच. मग मुलं मोबाईलवर फोटो शोधतात. तो फोटो कुठल्या तरी युक्रेनच्या नाहीतर अमेरिकेच्या स्टुडिओत काढलेला. ओटीपोट तिकडचं, उत्तरेच्या खिडकीचा थंड उजेड तिकडचा, उभं राहणं तिकडचं. त्यावर गव्हाळ रंग चढवायचा, नाकात नथ अडकवायची, खाली शीर्षक 'खानदेशकन्या'. असल्या चित्राला तुमचे गृहस्थ 'तिकडचं' म्हणाले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण माझी खात्री आहे की नथ पाहून त्यांनी ते भिंतीवर राहू दिलं असतं.

अहिराणी_भो
आठे मॉडेल कोठे मियस भो? (इथे मॉडेल कुठे मिळते?) आमच्या कॉलेजात वॉचमन काकांची इतकी पोर्ट्रेट झाली की पोरं डोळे मिटून त्यांची मिशी काढायची. रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभात त्यांना त्यांचंच पोर्ट्रेट भेट दिलं. बघून म्हणाले, "हाई कोन शे?"

पिंपळपान
=)) =))

घाटउतार
"हे तिकडचं" म्हणणाऱ्या साहेबांना कुणीतरी अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या बसमध्ये बसवा. जळगावहून दीड-दोन तासांत पोचतील.

अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात प्रसाधन करणारी राणी आहे. अंगावर कापड असून नसल्यासारखं, कमरेवर मेखला, गळ्यात मोत्यांचे सर, हातात आरसा. आणि गंमत बघा, या भिंतींवर राण्या-राजकन्या उघड्या अंगाच्या आहेत आणि काही दासी मात्र शिवलेल्या चोळ्या घालून उभ्या आहेत. म्हणजे अंग झाकणं हे त्या काळी नोकरवर्गाचं काम असावं (हा माझा तर्क, भांडायला या).

आणखी एक. १७ नंबरचं लेणं वाकाटक हरिषेणाच्या काळात त्याच्या एका मांडलिकाने खोदवलं, हे तिथल्या शिलालेखात आहे. तो ऋषिक देशाचा राजा होता असं अभ्यासक मानतात आणि इतिहास-संशोधक वा. वि. मिराशींनी ऋषिक म्हणजे खानदेश असं दाखवून दिलं. राजाचं नाव शिलालेखात झिजलंय. पण खर्च आपल्याकडच्या राजाचा. आता बोला, तिकडचं की इकडचं?

संशयात्मा
आलं अजिंठा. मी वाटच बघत होतो. न्यूडवर कुठेही चर्चा निघाली की पाचव्या प्रतिसादात अजिंठा, आठव्यात खजुराहो आणि दहाव्यात हुसेन, मग धाग्याला कुलूप.

घाटउतारसाहेब, माहिती झकास. पण युक्तिवाद कच्चा आहे. पाचव्या शतकात राजाच्या पैशाने भिक्खूंच्या विहारात जे रंगवलं, त्यावरून आज यावलच्या शेतकरी बाईचं उघडं अंग 'आपलं' कसं ठरतं? मधली दीड हजार वर्षं वगळायची? या काळात आपल्या आज्या-पणज्या डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हत्या, तीही आपलीच संस्कृती.

आणि दुसरं, अजिंठ्याच्या चित्रकारासमोर कुणी मॉडेल बसलेली नव्हती. 'चित्रसूत्र' हा चित्रकलेच्या नियमांचा जुना ग्रंथ वाचा. शरीराची मापं ठरलेली, डोळे कमळाच्या पाकळीसारखे की माशासारखे हेही ठरलेलं. त्या बायकांना वय नाही, टाका नाही, नाडीचा वळ नाही. कॅडमियम म्हणतात 'आपलं' समोरच्या बाईतून येतं. घाटउतार म्हणतात ते परंपरेतून येतं. दोघांचं एकाच वेळी बरोबर असू शकत नाही.

घाटउतार
का नाही? पण असो. तुम्ही दीड हजार वर्षं म्हणालात, मी आणखी मागे जातो.

घाट चढून गेलं की पलीकडे भोकरदन. सातवाहनांच्या काळातलं मोठं व्यापारी गाव, भोगवर्धन. तिथे आणि धाराशिवजवळच्या तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या. तशाच घडणीची एक वीतभर मूर्ती इटलीत पाँपेईला उत्खननात मिळाली, १९३८ मध्ये. इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली होती. हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायात वाळे, कमरेला मेखला, डोक्यावर भरगच्च दागिने. कपडा नाहीच. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदन-तेर भागातून ती गेली असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

म्हणजे गाडी उलटी आहे साहेब. दोन हजार वर्षांपूर्वी उघडी बाई आपण 'तिकडे' पाठवत होतो. आणि ती आपली आहे हे कशावरून ओळखू येतं? दागिन्यांवरून. अंग सगळीकडे सारखंच, ओळख दागिन्यांत.

भरीतभाकरी
चहा झाला, भोकरदनपर्यंत पोचलो. घाटउतार, तुमच्यासारखा मास्तर शाळेत मिळाला असता तर इतिहासात पास झालो असतो.

सातपुड्याची_लेक
मी सातपुड्यातल्या धडगावची. पावरा आदिवासी. इथे सहसा लिहीत नाही, पण दागिन्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते.

नंदुरबार, धुळे, शिरपूर, हायवेवरची कुठलीही बऱ्यापैकी हॉटेलं घ्या. फॅमिली रूममध्ये एक चित्र हमखास असतं. आदिवासी बाई, डोक्यावर घडा, गळ्यात चांदी, पायात वाळे आणि छाती उघडी. मागे डोंगर, पळस फुललेला. ती कोण? भिल्ल? पावरा? कोकणा? चित्रकारालाही सांगता येणार नाही. माझी आजी आयुष्यभर घागरा, चोळी, ओढणी नेसली. तिच्या अंगावर किलोभर चांदी होती आणि कपडाही पुरता होता. काठी गावच्या होळीला या, हजारो बाया नटून येतात, नखशिखांत. उघडी कोणी दिसत नाही. उघडी फक्त तुमच्या चित्रात दिसते.

त्या चित्रांना कुठल्याही हॉलवाल्याने कधी 'तिकडचं' म्हटलं नाही. उलट 'आपली लोकसंस्कृती' म्हणून सरकारी कॅलेंडरवरही छापतात. म्हणजे आदिवासी बाई उघडी असली तर संस्कृती आणि केळीवाल्या पाटलांची उघडी असली तर गहजब. दागिन्यांवरून ओळख पटते म्हणता ना? आमचे दागिने घालून तुम्ही कुणालाही उघडं करता आणि आमचं नाव देता.

कॅडमियम_रेड
ताई, हा प्रतिसाद फ्रेम करून आमच्या कॉलेजात लावायला हवा. फ्रेंच चित्रकार गोगँने ताहिती बेटावरच्या मुलींचं हेच केलं. आपल्याकडच्या चित्रकारांनी संथाळ, वारली, भिल्ल यांचं केलं, नाव दिलं 'ग्रामीण सौंदर्य'.

रंगमहाल
थोडं असहमत. कलाकाराने कुठे जाऊन काय रंगवायचं याचा परवाना जातीवरून द्यायचा का? उद्या पावरा मुलगी पाटलांची बाई रंगवायला गेली तर तिलाही अडवणार?

सातपुड्याची_लेक
रंगवायला कोण अडवतंय? त्या बाईला विचारा, पैसे द्या, तिचं नाव लिहा. हॉटेलातल्या चित्रातल्या बाईचं नाव सांगा, मी माझा प्रतिसाद मागे घेते.

डॉ_निशिगंध
वैद्यकीय बाजू. धागालेखकांनी 'नाडीचा काळा वळ' लिहिलाय तो ओपीडीत रोज पाहते. घट्ट नाडी, घाम, एकाच जागी वर्षानुवर्षं घर्षण. आधी खाज, मग काळसर डाग, मग त्वचा जाड. बहुतेक बायका "हे असंच असतं" म्हणून सोडून देतात. क्वचित तिथे न भरणारी जखम होते आणि फारच क्वचित कर्करोग. वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांबद्दल २०२४ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. उपाय साधा आहे: नाडी सैल बांधा, पट्टा रुंद ठेवा, जागा बदलत राहा, जखम भरत नसेल तर दाखवा.

आता चित्राबद्दल. साडी काढली तरी साडी अंगावर राहते, हे मी तपासताना रोज बघते. चित्रात कुणी ते टिपलेलं मात्र ऐकलं नव्हतं. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

अहिराणी_भो
धागा चित्रकलेचा, मिळालं आरोग्यविषयक मार्गदर्शन. आता कोणीतरी कळण्याच्या भाकरीची पाककृती टाका म्हणजे खानदेश पूर्ण झाला.

भरीतभाकरी
मला हाक मारली का? भरीत हिरव्या वांग्याचं, वाळक्या काड्यांवर भाजलेलं, कांद्याची पात आणि शेंगदाणे. तेल मोजायचं नाही. (संपादक, उडवू नका.)

पिंपळपान
टोमॅटो घालणाऱ्यांचं काय करायचं?

भरीतभाकरी
त्यांची चित्रं मागच्या खोलीत ठेवायची.

वकीलसाहेब_धुळे
कायद्याचा विषय नको म्हणालात, तरी दोन ओळी, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हॉलवाले कायद्याला घाबरले.

अश्लीलतेचं दंड संहितेतलं जुनं कलम २९२, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४. त्यात कला, साहित्य, विज्ञान यांना अपवाद आहे, प्राचीन स्मारकं आणि देवळांनाही आहे. चित्रकार अकबर पदमसींवर १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रावरून खटला झाला, ते सुटले. अलीकडचं म्हणजे चित्रकार एफ. एन. सूझा आणि पदमसी यांची सात चित्रं-रेखाटनं मुंबईत कस्टम्सने अश्लील म्हणून अडकवली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सचा आदेश रद्द केला. नग्न म्हणजे अश्लील असं समीकरण मांडता येत नाही, हा त्याचा गाभा.

पण हॉल खाजगी ट्रस्टचा असेल तर भिंतीवर काय लावायचं हा त्यांचा अधिकार. त्यांनी लेखी अटी आधी दिल्या होत्या का, एवढाच मुद्दा उरतो. भाडं भरलं असेल तर पावती जपून ठेवा.

आणि एक गमतीची गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सांगितलं की अश्लीलता त्या त्या काळच्या समाजाच्या मापाने मोजायची. हा 'समाज' कुठला? मुंबईच्या काळा घोड्याचा की जळगावच्या नवी पेठेचा? कोर्टात यावर मी तासभर बोलू शकतो, दोन्ही बाजूंनी.

रंगमहाल
दोन्ही बाजूंनी फी घेऊन?

वकीलसाहेब_धुळे
स्वतंत्र तारखांना.

आसोद्याची
मी त्या प्रदर्शनाला गेले होते. सोबत सासूबाई होत्या, वय ७८. भिंतीवरची चित्रं बघून झाल्यावर त्या मुलीनेच आम्हाला मागच्या खोलीत नेलं, कारण सासूबाईंनी हट्टच धरला, "लपाडेल काय शे ते दाखव."

मी मनातून धसकले होते. सासूबाई चष्मा पुसून जवळ गेल्या. केस झटकणारी बाई बराच वेळ पाहिली. नाडीच्या वळावर बोट ठेवायला निघाल्या, मी हात धरला. मग म्हणाल्या, "पोरी, बाकी सगळं बरोबर आहे. पण हिचा गळा भुंडा का ठेवलास? हात पण भुंडे. हिचा नवरा आहे ना?"

उघड्या छातीबद्दल एक शब्द नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की आंघोळीला बसलेली बाई लुगडं सोडते, मंगळसूत्र सोडत नाही. काचेच्या बांगड्या तर उतरतच नाहीत, फुटल्या तर फुटल्या. त्यांना ती बाई विधवा वाटली आणि त्याचं वाईट वाटलं. ती मुलगी काहीच बोलली नाही, नुसती ऐकत होती.

कॅडमियम_रेड
आसोद्याची, तुमच्या सासूबाईंना दंडवत! हा मुद्दा आमच्या कुठल्याच मास्तरने सांगितला नव्हता.

आता विचार केला तर घाटउतार यांच्या सगळ्या बायका, अजिंठ्याच्या, भोकरदनच्या, कपड्यावाचून आहेत पण दागिन्यावाचून एकही नाही. युरोपातल्या न्यूडला हा प्रश्नच पडत नाही. एद्वार माने या फ्रेंच चित्रकाराने १८६३ मध्ये 'ऑलिंपिया' ही विवस्त्र बाई रंगवली, तिच्या गळ्यात काळी फीत आणि हातात कडं ठेवलं, तर लोकांना त्या फितीमुळे ती जास्तच उघडी वाटली. तिथे दागिना राहिला की बाई बाजारातली ठरते. इथे दागिना गेला की बाई विधवा ठरते. एकाच गोष्टीचे दोन अर्थ, आणि दोन्हीकडे त्या बाईला कुणी काही विचारलेलं नाही.

अमृता शेरगिल आठवते. पॅरिसमध्ये न्यूड मॉडेलवरून तयार झालेली. १९३४ मध्ये तिने स्वतःलाच ताहितीची बाई म्हणून उघड्या अंगाने रंगवलं, गोगँकडे बघत. भारतात आली, १९३६ च्या अखेरीला अजिंठा पाहिला आणि तिची रेघ बदलली. पुढच्या तिच्या बायका बहुतेक नेसलेल्या आहेत, गप्प बसलेल्या. तरी पॅरिसच्या न्यूडपेक्षा त्यांची शरीरं मला जास्त जाणवतात. बसण्यात जाणवतात, खांद्यात जाणवतात.

संशयात्मा
कॅडमियम, शेरगिल माझ्याच बाजूची साक्षीदार आहे. ओळख पटवायला कपडे उतरवावे लागत नाहीत, हेच तर तिने दाखवलं. मग तुमच्या यावलच्या चित्रकर्तीने का उतरवले?

पिंपळपान
कारण नाडीचा वळ साडीवरून दिसत नाही, काका.

संशयात्मा
ठीक. हा षटकार मान्य. पण भुंड्या गळ्याचा हिशेब द्या.

निळीशाई
मी देते. मी चित्रकार नाही, भिंतीवरचं नीट बघते एवढंच. या सगळ्या चर्चेत 'आपली बाई' म्हणजे कुणाची तरी बाई असं धरून चाललोय आपण. अजिंठ्याची राणी राजाची. सासूबाईंच्या हिशेबात ती नवऱ्याची. हॉटेलातली, ती तर गिऱ्हाइकाची. अंगावरचा प्रत्येक दागिना ती कुणाची आहे ते सांगतो. त्या मुलीने दागिने काढले आणि तिच्या स्वतःच्या अंगाने कमावलेलं तेवढं ठेवलं. ऊन, नाडी, टाका, भेगा. गोंदणसुद्धा ठेवलं, कारण ते मेल्यावरही काढून घेता येत नाही असं आपल्याकडे म्हणतात. सासूबाईंना खटकलं ते बरोबर खटकलं. खटकावं म्हणूनच ते तसं असणार.

चित्रकार अर्पिता सिंग यांच्या म्हाताऱ्या, सैल अंगाच्या बायका बघा. गोगी सरोज पाल यांच्या अर्ध्या बाई अर्ध्या गाय असलेल्या कामधेनू बघा. या बायांनी रंगवलेल्या उघड्या बायका आहेत आणि त्या बघणाऱ्याला खूश करायला बसलेल्या नाहीत. हॉलवाल्यांना त्रास त्याचा झाला असावा. मेनका असती तर राहिली असती भिंतीवर.

घाटउतार
निळीशाई, बाकी सगळं पटलं, पण गोंदणही मुलीला विचारून काढत नव्हते. पाच-सहा वर्षांची पोर धरून बसवायचे. तेही तिने कमावलेलं नाही, तिच्यावर काढलेलं आहे.

निळीशाई
बरोबर. आणि ऑपरेशनचा टाकाही. नवऱ्याची नसबंदी सोपी असते, तरी टाका बाईच्याच पोटावर.

डॉ_निशिगंध
+१००. ओपीडीत रोज हेच सांगून घसा बसलाय.

सातपुड्याची_लेक
माझा प्रश्न अजून तसाच आहे. ती केस झटकणारी बाई कोण? तिला माहीत आहे का की ती जळगावात टांगली होती?

तापीकाठ
काल त्या मुलीशी फोनवर बोललो, हा धागा तिने वाचलाय. तिच्या परवानगीने लिहितो.

बाई नात्यातलीच आहे. तिने स्वतःहून बसायची तयारी दाखवली, अट एकच, चेहरा माझा नको. म्हणून अंग एका बाईचं आणि चेहरा दुसऱ्या एका, आता हयात नसलेल्या, बाईच्या फोटोवरून. गोंदण त्या दुसऱ्या बाईचं. प्रत्येक बैठकीचे पैसे दिलेत, शेतातल्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त. बाई प्रदर्शनालाही आली होती, मागच्या खोलीतही गेली. चित्रासमोर उभी राहून शेजारणीला म्हणाली, "कोण की, ओळखीची वाटते."

गळ्याबद्दल मी विचारलं. मंगळसूत्र त्या बाईने स्वतःच काढून खुंटीला लावलं होतं, ओले केस अडकतात म्हणून. मुलीने पाहिलं तसं रंगवलं. निळीशाईंचा अर्थ तिला आवडला, पण तिच्या मनात तो नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला तिने सांगितलंय.

निळीशाई
हरकत नाही, अर्थ माझ्याकडे राहू दे.

संशयात्मा
म्हणजे चेहरा एकीचा, अंग दुसरीचं. इथे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अडतंय सर. ती 'आपली' म्हणून स्वतःला दाखवायला तयार आहे, पण गावाने ओळखू नये अशी सोय करून. गावाला ओळखू येईल असं उघडं चित्र अजून तरी आपल्याकडे निघत नाही. मी यात कुणाला दोष देत नाही. पण 'आपलं न्यूड' म्हणून पाठ थोपटून घेण्याआधी हे लक्षात ठेवा.

सातपुड्याची_लेक
मला हे चालतं. तिने अट घातली आणि ती पाळली गेली. हॉटेलातल्या बाईला अट घालायची संधी कुणी दिली? त्या मुलीला सांगा, पुढचं प्रदर्शन धडगावात घे. हॉल नाही, पण आश्रमशाळेची भिंत मोठी आहे. (मुख्याध्यापक हो म्हणतील का, ते मात्र माहीत नाही.)

तापीकाठ
ती तीन चित्रं कुठे तरी लावायचीच असं तिच्या मनात आहे. घरच्यांचं केळीचं रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची बंद खोली) आहे, भिंती स्वच्छ, उजेडाची सोय करता येईल. कशी वाटते कल्पना?

केळीचा_घड
अजिबात नको! आमचं स्वतःचं चेंबर आहे म्हणून सांगतो. आत ओलावा नव्वद टक्क्यांच्या पुढे ठेवावा लागतो. कॅनव्हासला बुरशी धरेल, लाकडी फ्रेम वाकेल. शिवाय मधेच माल आला तर चित्रं बाहेर काढावी लागतील, माल थांबत नाही.

कॅडमियम_रेड
सहमत. तैलरंगाला ओलावा वाईट. कापसाच्या जिनिंगचं गोडाऊन बघा. उन्हाळ्यात हंगाम संपला की रिकामंच असतं, छत उंच, भिंती लांब. फक्त आधी झाडून घ्या, कापसाचा भुगा ओल्या वार्निशला चिकटतो.

अहिराणी_भो
चोपड्याकडे माझे साडू आहेत, जिनिंग त्यांचीच. विचारून बघतो. पण कोणती चित्रं लावायची ते साडूंना तुम्ही सांगा सर, मी फक्त गोडाऊन मागतो.

आसोद्याची
तारीख ठरली की इथेच टाका. सासूबाई आत्तापासून विचारताहेत.